कर्ज काढून वारी करावी काय?



गेल्या माघात सोलापूरजवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने कीर्तनसेवेचा योग आला. कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी पंगतीकडे वळली. मी उपरणे झटकीत मंडपाच्या कडेला बसलो होतो. तोच पंचेचाळिशीच्या आतबाहेरचे एक माळकरी गृहस्थ पुढे आले. पाया पडून झाल्यावरही ते उठेनात. त्यांच्या मागे दोन पावलांवर त्यांची मंडळी पदर सावरून उभी.

"म्हाराज, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा माउली."

"कर्ज काढून वारी केली तर देवाला पावती का?"

मी त्यांना बसवून घेतले. हे सोलापुरास टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतात, दर आठवड्यास पगार. पूर्वी सहा दिवस काम मिळे, आता चारच दिवस मिळते. म्हणजे तीन हजारांच्या ठिकाणी दोन हजार. वीस वर्षे दोघे नवरा-बायको आषाढीची पायी वारी करतात. यंदा दिंडीची भिशी भरायला हातात पैसा नाही. एक जण दहा हजार रुपये द्यायला तयार आहे, पण व्याज महिना शेकडा तीन. "वारी काय चुकवायची न्हाई बगा," असे म्हणून ते थांबले. मागच्या माउली काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत हे मी त्याच वेळी लक्षात ठेवले.

श्रोतेहो, प्रश्न लहान दिसतो, पण तो शास्त्राचा आहे आणि संसाराचाही आहे. त्यांना मी त्या रात्री जे सांगितले ते तुटक होते. ते येथे जरा सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न मनात असूनही न विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

वनपर्वातील यक्षप्रश्न आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकला असेल. भावंडे निचेष्ट पडली आहेत, तहानेने जीव व्याकूळ आहे, आणि यक्ष धर्मराजास विचारतो की सुखी कोण. धर्मराज राज्यवाल्याचे नाव घेत नाही, यज्ञ करणाऱ्याचेही घेत नाही. त्याचे उत्तर असे की दिवस कलतीला लागल्यावर का होईना, जो आपल्या घरी नुसती भाजी शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला पोटासाठी परदेशी जावे लागत नाही, तो सुखी. पाठशाळेत मी हा श्लोक घोकला तेव्हा बारा वर्षांचा होतो. अन्वय लावला, विभक्ती सांगितली, गुरुजींची शाबासकी मिळविली. अर्थ मात्र मला साठीच्या उंबरठ्यावर कळला. कसा, ते सांगतो, कारण त्यात लाजण्यासारखे आहे आणि लपविण्यात हशील नाही.

इ. स. २०१९ च्या डिसेंबरात मी धाकट्या मुलीचे लग्न केले. महाराजांच्या घरचे लग्न, तेव्हा पाच गावची भजनी मंडळी बोलावणे भाग, असे मीच ठरविले. दीड लाख एका पतसंस्थेतून शेकडा चौदा वार्षिक दराने काढले, आणि वरचे एक लाख एका ओळखीच्या गृहस्थाकडून महिना शेकडा तीनने. लघुकौमुदी पाठ असलेल्या मला हे समजले नाही की महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात धर्माचे व्याज महिना शेकडा सव्वा सांगितले आहे, म्हणजे वर्षाला पंधरा. हे वचन मी कितीदा तरी दाखवून लोकांच्या माना डोलाविल्या होत्या. स्वतः सही करताना ते आठवले नाही.

पुढे मार्च २०२० उजाडला. टाळेबंदी आली, सप्ताह थांबले, काल्याची कीर्तने थांबली. त्या वर्षी आपल्या माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा एस. टी. ने पंढरीस गेल्या, हे आपण सर्वांनी डोळे पुसत पाहिले. माझे महिन्याचे सरासरी बारा हजार बंद झाले. मुलाचा कारखान्यातला पगार सोळा हजारांवरून नऊ हजारांवर आला. अठ्ठावीस हजारांचे घर नऊ हजारांवर आले. त्यात पतसंस्थेचा हप्ता साडेतीन हजार आणि त्या गृहस्थांचे नुसते व्याज तीन हजार. म्हणजे साडेसहा हजार बाहेर जात आणि सहा माणसांच्या घराला अडीच हजार उरत.

मी काय केले? जप वाढविला. जप वाढविणे वाईट नाही, पण मी तो हिशेबाकडे पाहावे लागू नये म्हणून वाढविला होता. दोन महिने मी घरात सांगितलेच नाही की तीन टक्क्यांचे एक कर्ज आहे. पतसंस्थेचे तेवढे त्यांना ठाऊक होते.

येथे जिजाबाईंची आठवण काढणे प्राप्त आहे. आम्हा कीर्तनकारांनी या माउलीवर फार अन्याय केला आहे. आवली म्हटले की मी पट्टीचा आवाज काढून तिचे भांडण रंगवीत असे, आणि मंडप खो खो हसे. चरित्रकार महिपतीबोवांनी सांगितलेली गोष्ट मात्र दोन वाक्यांत उरकीत असे. तुकोबांचे दिवाळे निघालेले, बाजारात पत उरलेली नाही, अशा वेळी जिजाबाईंनी आपल्या नावाने खत लिहून देऊन दोनशे रुपये उभे केले आणि पतीच्या हाती दिले. तुकोबा मीठ विकून अडीचशे घेऊन परत निघाले, आणि वाटेत एका कर्जबाजारी ब्राह्मणाची दशा पाहून सगळे त्याला देऊन रिकाम्या हाती घरी आले. तुकोबांचे औदार्य आम्ही गातो. पण त्या खतावर नाव कोणाचे होते? दारात उभ्या राहणाऱ्याला तोंड कोणी दिले? मडक्यात किती दाणे आहेत हे घरात कोणाला ठाऊक होते?

माझ्या घरातही ते एकाच व्यक्तीला ठाऊक होते. ज्या दिवशी मी शेवटी तोंड उघडले, त्या दिवशी आमची मंडळी रागावली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. व्याज किती म्हणालात?" मी सांगितले. ती आत गेली आणि ट्रंकेतून आपल्या पाटल्या घेऊन आली. दोन तोळ्यांच्या. "ह्या ट्रंकेत बसून काही देत नाहीत, आणि तिकडं महिन्याला तीन हजार जातात." त्या वर्षी ऑगस्टात सोन्याला भाव चांगला होता. घट वजा जाता लाखाला थोडे कमी आले, ते जुळवून आम्ही तीन टक्क्यांचे खत फाडून घेतले. अनेक कर्जे असतील तर सर्वांत जास्त व्याजाचे आधी मोडावे, हे अर्थशास्त्र मला बिनशाळेच्या माणसाने शिकविले. तेव्हापासून मी कीर्तनात आवलीचा आवाज काढीत नाही.

आता खर्चाकडे येऊ. एकनाथ महाराजांची एका पैची गोष्ट आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत हिशेब ठेवीत असता एका पैची चूक सापडेना, तेव्हा सारी रात्र दिवा जाळून नाथांनी ती शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती देवाकडे लाव. आम्ही या गोष्टीचे उत्तरार्धाचे निरूपण करतो आणि पूर्वार्ध विसरतो. पै आधी शोधावी लागली होती!

आम्ही दोन रुपये भाव असल्यासारखी एक जुनी वही काढली आणि रोज रात्री हरिपाठ झाल्यावर त्या दिवशीचा खर्च मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लिहिणारी सून, वाचणारा मी. पहिल्या महिन्याअखेर जे दिसले त्याने मी थक्क झालो. चहा, साखर आणि चहापुरते दूध यांचे मिळून एकोणीसशे रुपये. महाराजांच्या घरी येणारा प्रत्येक जण चहा घेऊनच जाणार, हा माझा नियम. माझ्या लहानपणी येणाऱ्याला गूळ-पाणी देत असत आणि कोणाचा अपमान होत नसे. आम्ही पुन्हा गूळ-पाणी सुरू केले. एक-दोघे जरा हिरमुसले, बाकीच्यांना ते आवडले. घरात भ्रमणध्वनी चार. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणून वर्षात पैसे बारा वेळा नव्हे तर तेरा वेळा भरावे लागतात, हे वहीने दाखविले. त्यांतले दोन बंद केले. आणि सर्वांत शेवटी, माझी तंबाखू-सुपारी. रोजची वीस रुपयांची. गळ्यात माळ, तोंडात तंबाखू, आणि वर महिन्याला सहाशे रुपये! नातीने ते नाव वहीत वाचले आणि विचारले, "आजोबा, हे कशासाठी लागतं?" उत्तर देता आले नाही म्हणून सुटली. उपदेशाने सुटली नव्हती.

एकादशीचेही सांगतो, राग मानू नये. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्यासाठीच केलेली आहे. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाट्याचे वेफर्स, केळी. महिन्याच्या दोन एकादश्या वहीत सर्वांत महाग दिवस म्हणून उभ्या राहिल्या. उपवास करायचा आणि वाण्याचे बिल वाढवायचे, हा कोणता उपवास? आम्ही वरई आणि ताक यांवर आलो. पोट हलके राहिले आणि रात्रीच्या जागरणास झोप आली नाही, हा वरचा लाभ.

स्वयंपाकघराचे बाकी श्रेय माझे नाही. तूर डाळीऐवजी हुलगा आणि मटकी आली, माडगे आले. बांधावरचा माठ, घोळ, शेवग्याचा पाला आला. ज्वारी सुगीतच वर्षाची भरून ठेवली, किलो-किलोने आणणे बंद. तेल पाचाचे साडेतीन किलो झाले. शिधापत्रिका होती, पण ओळीत उभे राहण्याची मला लाज वाटे. ती लाज सोडली. आज, म्हणजे २०२३ पासून, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते. ज्यांचा हक्क आहे त्यांनी ते घ्यावे, त्यात कमीपणा नाही. त्याच वर्षाच्या मार्चपासून बायकांना एस. टी. चे अर्धे तिकीट झाले, तेव्हा आमच्याकडे तालुक्याच्या बाजाराला मंडळीच जाते आणि मी घरी राहतो. बाजारही स्वस्तात होतो, कारण मला घासाघीस जमत नाही.

पण काटकसरीतही चूक होते. मी एक चूक अशी केली की रक्तदाबाच्या गोळ्या कोणाला न सांगता बंद केल्या. वाटले, महिन्याचे तीनशे वाचले. दीड महिन्याने अंगणात चक्कर येऊन पडलो आणि वाचविलेल्याच्या दसपट खर्च झाला. मग कळले की त्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि ते केंद्र आमच्या घरापासून अर्ध्या कोसावर. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग नाही म्हटले आहे तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हटले आहे. औषध, लेकरांचे दूध आणि शाळा यांना कात्री लावू नये. आणि आपल्याकडे भांड्याला, शेताला येणाऱ्या माणसाच्या मजुरीलाही लावू नये. आपले ऋण फेडायचे म्हणून दुसऱ्याला ऋणात ढकलणे हे कोणत्या शास्त्रात बसते?

आता दोन गैरसमज. पहिला, तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडविली, मग आपण का फेडायचे? अहो, ती खते कोणती होती ते पाहा. तुकोबांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून जे येणे होते त्याची ती खते. दुष्काळाने माणसे नागवलेली पाहून त्यांनी आपले येणे सोडले. आणि त्यातही निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांची म्हणून आधी वेगळी काढून दिली, आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. स्वतःचे देणे कोणी बुडविल्याची ती कथा नाही. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, ती गोष्ट निराळी. तेथे व्याजाने माणसे पिळून निघाली होती आणि पुढे १८७९ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. आजही परवाना नसलेल्याला सावकारी करता येत नाही, २०१४ चा कायदा आहे. जमीन लिहून घेतली असेल, धमकी येत असेल, तर जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीत लेखी तक्रार करावी. अन्याय सोसणे म्हणजे भक्ती नव्हे. पण न्याय्य देणे असेल तर ते द्यावे, एकदम नसेल तर समोर जाऊन मुदत मागावी. मी पतसंस्थेत मुदत मागायला गेलो तेव्हा पाय थरथरत होते. चार महिन्यांची मिळाली.

दुसरा गैरसमज दामाजीपंतांचा. विठू महार झाला, बिदरला गेला, रकमेची भरपाई करून पावती घेऊन आला. तेव्हा आपलेही देव फेडील! पण दामाजीपंतांनी कोठार उघडले ते मंगळवेढ्याच्या उपाशी लोकांसाठी, घरच्या मांडवासाठी नव्हे. आणि बोलावणे आले तेव्हा ते पळाले नाहीत, जाब द्यायला बिदरच्या वाटेला लागले होते. माझ्या लग्नाच्या पंगतींसाठी देवाने पावती आणावी, असे मागायला माझी जीभ उचलली नाही.

आणि जे घरात बसून कोणालाच सांगत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे. आकडा मनात दाबून ठेवला की तो रात्री वाढतो. त्या आकड्याच्या लाजेने आपल्या महाराष्ट्रात किती चांगली माणसे दोराकडे गेली, हे येथे कोणाला सांगायला नको. बाबांनो, जप्ती आली तर भांडी जातील, पत जाईल, चार लोक बोलतील. तुकोबांचेही दिवाळे निघाले होते, लोक बोललेही होते. घरच्या माणसाला सांगा. घरी सांगवत नसेल तर आपल्या फडावरच्या, दिंडीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सांगा. पण आज रात्री सांगा. मोबाईलवर क्षणात कर्ज देणारे जे निघाले आहेत त्यांच्याकडे मात्र जाऊ नका. ते तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर काढून घेतात आणि मग अब्रूलाच हात घालतात. एकाचे फेडायला दुसऱ्याचे काढणे हे नवे-जुने फार वेळ चालत नाही.

आम्हा कीर्तनकारांनाही काही सोडू नये. कथा करून द्रव्य घेणाराला आणि देणाराला तुकोबांनी काय म्हटले आहे ते आम्हाला पाठ आहे. मी बिदागी घेतली आहे, घेतो, माझे घर त्यावर चालते. पण ज्या गावी वर्गणीसाठी लोक उसने काढतात हे कळते, तेथे आता मी एस. टी. चे भाडे आणि जेवण यांवर जातो. मोठ्या नावाच्या महाराजांसाठी गावाने कर्ज करावे, तेराव्याला हजार पाने वाढावीत, वाढदिवसाचे फलक चौकात लावावेत, यातले काहीही भागवत धर्माने सांगितलेले नाही.

तर मूळ प्रश्न. कर्ज काढून वारी करावी काय? करू नये. वारी चुकवावी काय? तेही नाही. अरणच्या सावता महाराजांनी पंढरीची वाट धरली नाही, मळ्यातच विठ्ठल पाहिला, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. पण सावतोबांचे दाखले देऊन घरी झोपणारेही मी पाहिले आहेत. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "दोघांची भिशी भरू नका. यंदा सबंध वाट नको. सोलापुराहून पंढरपूर किती लांब? चार दिवसांची चाल. भाकरी बांधून घ्या, दशमीला पोचा, वाळवंटात झोपा. आपले आईबाप असेच जात होते. काम चार दिवस आहे ना? मग उरलेल्या दिवसांचा काही दुसरा उद्योग पाहा. आणि आता मला सांगा, देणे एकूण किती?"

"आसंल दीड लाख," ते म्हणाले.

"असेल नव्हे. लिहा."

सप्ताहाच्या पत्रिकेची मागची बाजू कोरी होती. मी खिशातले पेन दिले. पतसंस्था, नव्वद हजार. सावकार, साठ हजार. लिहून झाले आणि त्यांनी पेन खाली ठेवले.

तेव्हा मागून पहिल्यांदा आवाज आला. "बचत गटाचं माझ्या नावावरचं तीस हजार ऱ्हायलं."

त्यांनी वळून पाहिले. मग लिहिले.

"आन् दुकानाची उधारी. आठ हजार चारशे."

तेही लिहिले. बेरीज मी केली, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. पत्रिका त्या माउलीच्या हाती गेली. तिने ती दोनदा घडी करून कमरेला खोचली. मंडपातून कोणीतरी हाक मारली की वीणेच्या पहाऱ्याला यांची पाळी आली आहे. ते उठले, डोक्याला पटका गुंडाळला आणि वीणा घेऊन उभे राहिले. त्या माउली खांबाशी बसल्या आणि पेन माझ्याकडे परत देताना म्हणाल्या, "वाण्याचं आदी देते, म्हाराज. त्यो घरासमोरच राहतो."